रेकॉर्ड हीच संहिता

(आर्णी येथे स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



आजचा विषय या व्यासपीठाला नवखा आहे. प्रोग्रेसिव्ह मेटल हा संगीतप्रकार, त्या प्रकारात नाव मिळवलेला ‘स्कायहार्बर’ हा भारतीय बँड आणि त्याने २०१२ ते २०१८ या काळात काढलेले तीन अल्बम, एवढाच माझ्या बोलण्याचा ऐवज आहे. अरुणावतीच्या काठी, बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याच्या यात्रेने ओळखल्या जाणाऱ्या या गावात अशा संगीताचं काय काम, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. आपल्या भागात संगीत म्हणजे माणसांनी एकत्र येणं. तांड्यावर होळीच्या दिवसांत लेंगी म्हटली जाते ती घोळक्यात, राष्ट्रसंतांची भजनं खंजिरीवर होतात ती मंडळात, कव्वाली रंगते ती समोरच्या दादेवर. या सगळ्या संगीताचा जीव प्रत्यक्ष हजेरीत आहे. मी ज्या संगीताबद्दल बोलणार आहे त्याचा जीव मात्र दुसरीकडे आहे, आणि आजचं माझं प्रतिपादन त्याच फरकावर उभं आहे. ते असं : प्रोग्रेसिव्ह मेटल हे आधी बांधून, पक्कं करून मग वाजवलं जाणारं संगीत आहे, त्याची मूळ संहिता म्हणजे त्याचं ध्वनिमुद्रण, आणि म्हणूनच जिथे मंच नव्हता, बाजार नव्हता, जिथे बँडचे सदस्य एका शहरातसुद्धा राहत नव्हते, तिथेही ते पूर्ण ताकदीनिशी उभं राहू शकलं. हे मान्य केलं, तर त्याचं मोल ठरवण्याची आपली मापंही बदलावी लागतील.

आधी या प्रकाराची थोडी वंशावळ पाहू. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरातून ‘ब्लॅक सॅबथ’ने १९७० साली पहिला अल्बम काढला आणि जड, खर्जातल्या, मुद्दाम फाटक्या केलेल्या गिटारच्या आवाजाला एक घराणं मिळालं. त्याच सुमारास इंग्लंडमध्येच रॉक संगीतातली दुसरी मंडळी वीस-वीस मिनिटांच्या रचना करत होती आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडून बांधणी उसनी घेत होती. हे दोन प्रवाह १९८०च्या दशकात अमेरिकेत एकत्र आले. ‘क्वीन्सराइक’ने १९८८ साली ‘ऑपरेशन : माइंडक्राइम’ या अल्बममधून एक सलग कथा सांगितली. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९८५ साली जो बँड सुरू केला तोच पुढे ‘ड्रीम थिएटर’ झाला. त्याच्या १९९२च्या ‘इमेजेस अँड वर्ड्‌स’ने या प्रकाराची रूपरेषा बहुतांशी ठरवून टाकली. लांब रचना, मध्येच पालटणारी लय, वादकांची कसून केलेली तयारी, आणि एकदा आलेली सुरावट बऱ्याच वेळाने वेगळ्या वेशात परत येणं, ही त्याची लक्षणं. याच बँडचा १९९९चा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा अल्बम तर अंक आणि प्रवेश पाडलेलं नाटक असावं तसा रचलेला आहे. थोडक्यात, सुटी गाणी गोळा करून अल्बम भरणं ही रीत इथे मागे पडली आणि सबंध अल्बम हीच एक कृती झाली.

लयीच्या अंगाने पाहिलं तर आपल्या कानाला हे संगीत वाटतं तितकं परकं नाही. सात मात्रांचा रूपक, दहाचा झपताल, चौदाचा धमार आपल्याकडे शतकांपासून वाजतो आहे. चारच्या पटीत न बसणारी लय ऐकून पाश्चात्त्य श्रोता जसा चमकतो तसं आपण चमकण्याचं कारण नाही. साम्य त्याहून खोलही आहे. स्वीडनमधल्या ‘मशुगा’ या बँडने १९९०च्या दशकात एक युक्ती हाताशी धरली. झांज सरळ चार-चारची चाल धरून ठेवते आणि तिच्याखाली गिटार आणि पायाचा ड्रम विषम लांबीचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. समजा, सोळा मात्रांची चार आवर्तनं धरली तर चौसष्ट मात्रा होतात. सात मात्रांचा तुकडा नऊ वेळा वाजवला की त्रेसष्ट भरतात आणि एक मात्रा उरते. ती जोडून देऊन सगळे एकदम पहिल्या मात्रेवर येतात. मधल्या काळात तुकड्याची सुरुवात दर वेळी वेगळ्या जागी पडत राहते आणि ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखी होते. आपली तिहाई वेगळं काय करते? त्रितालात तिसऱ्या मात्रेपासून पाच मात्रांचा बोल सलग तीनदा घेतला की त्याचा शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर पडतो. ताण निर्माण करायचा, हिशेब मनात ठेवायचा आणि समेवर सोडवायचा, हा आनंद दोन्हीकडे एकच आहे.

पण साम्य इथे संपतं, आणि माझ्या मुद्द्याला खरी सुरुवात होते ती पुढच्या फरकापासून. आपल्याकडे ताल अचल असतो आणि त्याच्या आत काय करायचं हे कलावंत त्या क्षणी ठरवतो. बंदिश चार ओळींची; बाकी सगळं विस्तार. आज गायलेला यमन उद्या तसाच गायला तर जाणकार नाराज होतात. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये याच्या बरोबर उलट व्यवस्था आहे. तिथे तालाची चौकट क्षणाक्षणाला पालटू शकते, पण काय वाजायचं ते अगोदरच पक्कं झालेलं असतं. गिटारवादकाचा उजवा हात आणि ड्रमरचा उजवा पाय यांच्यात केसाएवढंही अंतर चालत नाही, कारण दोघे मिळून एकच तुकडा बोलत असतात. हे ऐनवेळी सुचून होत नाही. ते लिहावं लागतं, घोकावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते लिहिलं जातं कागदावर नव्हे, तर थेट ध्वनिमुद्रणात. गिटारचे चार-सहा थर एकमेकांवर ठेवून पाहणं, एक काढून दुसरा लावणं, आवाजाचा पोत ठरवणं ही सगळी रचनेचीच कामं आहेत. मशुगाने २००५च्या ‘कॅच थर्टीथ्री’ या अल्बममध्ये ड्रम्स संगणकावर बसवले होते आणि सबंध अल्बम सुमारे पाऊण तासाची एकच रचना म्हणून बांधला होता. ड्रमर हजर असताना बँडने असं करावं, ही गोष्ट बोलकी आहे. रेकॉर्ड ही त्यांच्या लेखी कुठल्या तरी कार्यक्रमाची छबी नव्हती. मूळ कृती तीच होती, आणि कार्यक्रम हे तिचं सादरीकरण.

आता स्कायहार्बरकडे येऊ. याची सुरुवात दिल्लीतल्या केशव धर या गिटारवादकाच्या घरगुती स्टुडिओत झाली. एक संगणक, एक गिटार, आवाज संगणकात उतरवणारी छोटी पेटी आणि संगणकातच वाजणारे ड्रम्स, एवढ्यावर त्याने रचना करायला आणि त्या इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. अमेरिकेत ‘पेरिफेरी’ बँडच्या मिशा मन्सूरने हीच वाट आधी चोखाळली होती. त्यामुळे अशा घरबसल्या रचना ऐकणारा, त्यांची चिरफाड करणारा आणि त्यातल्या चांगल्या निवडणारा एक वर्ग जगभर तयार झालेला होता. त्या वर्गातूनच धरला साथीदार मिळाले. ड्रमर अनुप शास्त्री अमेरिकेतला. गायक डॅनियल टॉम्पकिन्स इंग्लंडमधला. ‘टेसरॅक्ट’ या नावाजलेल्या बँडच्या २०११च्या पहिल्या अल्बमवर त्याचाच आवाज आहे. एप्रिल २०१२मध्ये ‘बेसिक रेकॉर्ड्‌स’ या ब्रिटिश कंपनीने ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज : इल्युजन अँड केऑस’ हा पहिला अल्बम काढला तेव्हा हे संगीत तीन खंडांतून आलेल्या फाइलींतून जुळवलेलं होतं. अल्बमचे दोन भाग आहेत. ‘इल्युजन’मध्ये टॉम्पकिन्सचा उंच, स्वच्छ, तरंगत जाणारा गळा आहे, ‘केऑस’मध्ये मुंबईच्या ‘भयानक मौत’ या बँडचा गायक सुनीत रेवणकर याचा खरखरीत, ओरबाडणारा आवाज. ‘मेगाडेथ’मधून जगाला ठाऊक झालेला गिटारवादक मार्टी फ्रीडमन याने या अल्बमवर पाहुणा म्हणून वाजवलं. ज्या बँडने अजून नीट मंचही पाहिला नव्हता त्याच्यासाठी तो वाजवायला तयार झाला, याला रचनेच्या गुणवत्तेखेरीज दुसरा आधार नव्हता.

ही दोन भागांची विभागणी नुसती सोयीची नाही. मेटल संगीतात स्वच्छ गळा आणि खरखरीत गळा एकाच गाण्यात आळीपाळीने वापरण्याचा प्रघात आहे : कडव्यात आरडाओरडा आणि ध्रुपदात गोडवा. स्कायहार्बरने तो मोडून दोन प्रकृती दोन स्वतंत्र भागांत ठेवल्या. त्यामुळे पहिल्या भागात गिटारला गळ्याच्या मागे पार्श्वभूमी म्हणून पसरण्याची मुभा मिळाली. एकेक सूर लांबवत, त्याच्या प्रतिध्वनीवर पुढचा सूर ठेवत ती वाजते. दुसऱ्या भागात तीच गिटार तालवाद्यासारखी तुटक होते. एकाच रचनाकाराचं एकच वाद्य दोन ठिकाणी दोन कामं करतं, हे लक्षात येतं ते दोन्ही भाग लागोपाठ ऐकले तरच. एखाद्या कार्यक्रमाच्या पाऊण तासात हा आराखडा मांडता येणार नाही. तो रेकॉर्डसाठीच सुचलेला आहे.

मुंबईचा या कथेतला वाटा एका गायकापुरता नाही. अल्बमनंतर जो प्रत्यक्ष वाजवणारा बँड उभा राहिला त्यातला दुसरा गिटारवादक देवेश दयाल आणि बेसवादक कृष्णा झवेरी हे दोघेही मुंबईच्या ‘गॉडेस गॅग्ड’ या बँडचे. त्या बँडचा ‘रिसरफेस’ हा अल्बम २०११चा. अशी तयारीची मुलं मुंबईत एकाएकी उगवली नव्हती. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे मेळावे भरत होते. पुढे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयं यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरवला आणि काही वर्षांतच रंगभवनातलं हे संगीत थांबलं. नियम योग्यच होता. पण शहराच्या मध्यावरचं परवडणारं खुलं नाट्यगृह गेलं आणि त्याची जागा घेणारं दुसरं उभं राहिलं नाही, हेही खरं. त्याच काळात, २००० साली, साहिल मखिजाने मुंबईत ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ सुरू केला. त्याची वाट स्कायहार्बरच्या उलट : आधी मंच, मग रेकॉर्ड. पण मंच पुरेसे नाहीत म्हटल्यावर त्याने स्वतःच कार्यक्रम भरवले, स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, दुसऱ्या बँडची ध्वनिमुद्रणंही केली. २०१०मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’ ब्रिटनच्या ‘कँडललाइट रेकॉर्ड्‌स’ने जगभर नेला आणि त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाने या बँडला ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार दिला. मंचावर वाढलेल्या बँडलासुद्धा सीमेपलीकडे नेलं ते रेकॉर्डनेच.

स्कायहार्बरचा दुसरा अल्बम ‘गायडिंग लाइट्‌स’ नोव्हेंबर २०१४मध्ये आला, आणि माझ्या मते तोच या बँडचा सर्वांत परिपूर्ण दस्तऐवज आहे. त्यासाठी चाहत्यांकडून आगाऊ वर्गणी गोळा केली होती आणि आवाजांची अंतिम जुळणी ऑस्ट्रेलियाच्या फॉरेस्टर सॅव्हेलकडे सोपवली होती. म्हणजे ऐकणाऱ्याने कलाकृती तयार होण्याआधीच तिचा खर्च उचलला. सांगलीपासून नागपूरपर्यंतच्या नाट्यसंस्थांनी सभासदांच्या वर्गणीवर प्रयोग केले, त्याच जातीचा हा व्यवहार. फरक इतकाच की इथले सभासद एकमेकांना कधीच भेटणार नव्हते. संगीताच्या अंगाने पाहिलं तर या अल्बममध्ये पहिल्याचा चमत्कृतीचा सोस बराच ओसरला आहे. ‘पेशन्स’, ‘इव्होल्युशन’, ‘मिरॅकल’ या रचना ऐकताना लयीची गुंतागुंत आधी जाणवतच नाही. गळ्याची ओळ इतकी संथ आणि लांब असते की तिच्या खाली चाललेली मोजदाद झाकली जाते. अनुप शास्त्रीचे ड्रम्स दर फेरीला एखादा ठोका इकडचा तिकडे करतात आणि तोच तुकडा पुन्हा आला असूनही पुढे सरकल्यासारखा वाटतो. बडा ख्याल ऐकणाऱ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल : विलंबित लय बाहेरून स्थिर दिसते, आतली हालचाल कळायला कान लागतो. या अल्बममध्ये अवघडपणाचं प्रदर्शन नाही. तो रचनेत मुरलेला आहे, आणि प्रौढपणाची खूण मी यालाच मानतो.

आणि नेमक्या याच ठिकाणी माझ्या प्रतिपादनाच्या विरोधातला पुरावाही उभा राहतो. तो टाळणं बरोबर होणार नाही. २०१५मध्ये टॉम्पकिन्स आणि शास्त्री दोघेही बँडमधून बाहेर पडले. गायक पुन्हा टेसरॅक्टमध्ये परतलेला होता. दोन बँड, दोन खंड आणि दौऱ्यांचा खर्च यांचा मेळ बसणं कठीणच होतं. त्यांच्या जागी अमेरिकेचा गायक एरिक एमरी आणि ड्रमर आदित्य अशोक आले. तिसरा अल्बम ‘सनशाइन डस्ट’ यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. त्याच वर्षी मे महिन्यात जपानच्या ‘बेबीमेटल’ या बँडच्या अमेरिका दौऱ्यात स्कायहार्बरने सुरुवातीचे कार्यक्रम केले होते. तिसऱ्या अल्बममधली गाणी आखूड आहेत, ध्रुपदाभोवती फिरतात, इलेक्ट्रॉनिक आवाजांचा वापर वाढला आहे. दुसऱ्या अल्बममधली लांब श्वासाची बांधणी इथे क्वचितच सापडते. म्हणजे फाइली पाठवून अल्बम होतो, पण एकत्र राहून जी मुरवण होते ती होत नाही, असं कुणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र त्यातून जो निष्कर्ष निघतो तो बँड नावाच्या संस्थेबद्दलचा आहे, रेकॉर्डबद्दलचा नाही. माणसं पांगली, पण २०१४ची कृती त्यामुळे उणी झाली नाही. उलट, ती पुन्हा तशी उभी राहणं अशक्य झाल्यामुळे रेकॉर्ड हीच तिची एकमेव जागा ठरली.

आता मोठ्या आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप आपल्या परंपरेच्या वतीने घेतला जातो : समोर श्रोता नाही, दाद नाही, तर ते संगीत कसलं? याला उत्तर द्यायला परदेशात जावं लागत नाही. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांनी ती लिहिली आणि सुधीर फडके यांनी चाली बांधल्या त्या ध्वनिक्षेपकासाठी. श्रोता घरोघरी, अदृश्य होता. फडके यांचे मंचावरचे प्रयोग नंतरचे. सलग कथा, ठरलेला क्रम, माध्यम लक्षात घेऊन केलेली बांधणी, सगळं तिथे होतं, आणि त्याला संगीत म्हणायला कुणी कचरलं नाही. त्याही मागे जाता येईल. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या गाण्याचं मुद्रण झालं तेव्हापासून तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीने आपल्या गायकांना आटोपशीर मांडणी शिकवली. मिरजेचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले; त्यांची भैरवी आपल्या पिढीला माहीत आहे ती त्या तबकड्यांमुळेच, आणि त्या तबकड्या म्हणजे मैफलीचे तुकडे नव्हेत. साडेतीन मिनिटांत राग कसा उभा करायचा, याची ती स्वतंत्र कला आहे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. गिटार परकी, शब्द इंग्रजी, श्रोते बव्हंशी परदेशात. मग याला भारतीय म्हणायचं कशाच्या जोरावर? वाद्याच्या जन्मस्थानावरून संगीताची जात ठरवण्याचा प्रयोग आपण एकदा करून पाहिलेला आहे. हार्मोनियम परदेशी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. तेवढ्या काळात भजनी मंडळांनी काही पेटी सोडली नाही. उलट बाजूने, भारतीय वाद्यं आणि भारतीय विषय घेतले की काम झालं, असंही नाही. डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ साली ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी. कल्पना मोठी आहे, आणि अवतारक्रमाची चढती भाजणी अल्बमच्या घडणीला शोभतेही. पण त्यातला जोर आहे तो गिटार आणि ड्रम्सच्या बांधणीत. देशी वाद्यांचे रंग काढून घेतले तरी रचना उभीच राहते. याचा अर्थ ते रंग वरून दिलेले आहेत. भाषेचा मुद्दा मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. मुंबईच्या ‘कोशिश’ या बँडने २०१३मध्ये ‘फिरदौस’ हा सलग कल्पनेवरचा अल्बम हिंदीत करून दाखवला, तेव्हा आपल्या भाषेत हे होत नाही, ही सबब उरत नाही. स्कायहार्बरने इंग्रजी निवडली, कारण त्याचा श्रोता आणि त्याचा गायक त्या भाषेत होता. ती त्याची मर्यादा आहे. मराठीत असा अल्बम ज्या दिवशी होईल त्या दिवशी ती मर्यादा आपोआप उघडी पडेल, आणि ते कामही आपलंच आहे.

तिसरा आक्षेप आजच्या काळातला आहे, आणि तो दोन बाजूंनी येतो. एक बाजू म्हणते, संगणकच सगळं करतो, चुकलेली मात्रा सरळ करतो, मग कलावंताचं कर्तृत्व काय उरलं? दुसरी बाजू म्हणते, असेना का कर्तृत्व, पण ऐकतात किती जण? पहिल्याला उत्तर असं की संगणक ठोका जागेवर बसवू शकतो, पण तो ठोका तिथे का असावा हे सांगू शकत नाही. घरगुती ध्वनिमुद्रणाची तीच साधनं त्या दशकात लाखो मुलांच्या हाती होती आणि बहुतेकांनी एकमेकांसारखंच वाजवलं. ‘गायडिंग लाइट्‌स’ वेगळा ठरतो तो साधनांमुळे नव्हे. काय वगळायचं हे त्यांना कळलं म्हणून. शिवाय साधन स्वस्त झाल्याने सगळेच कलावंत होतात, हा भ्रमही इथे गळून पडतो. धरला साधनाइतकीच गरज होती ती जाणकार, निष्ठुर आणि दूरवरच्या कानांची. असा कान मिळाल्याशिवाय आर्णीतला काय आणि अंधेरीतला काय, कुणाचाही संगणक नुसता खेळणंच राहतो. दुसऱ्याला उत्तर सोपं आहे आणि अप्रियही. संख्येवर मोजायचं तर ध्रुपद कधीच बाद झालं असतं. श्रोत्यांची गर्दी हे मंचाचं माप आहे, कारण मंचाला त्याच रात्री तिकिटं खपवावी लागतात. रेकॉर्डला तशी घाई नसते. तिचा श्रोता वीस वर्षांनी जन्मला तरी चालतो.

फक्त एक अट आहे : वीस वर्षांनी ती रेकॉर्ड सापडली पाहिजे. माझ्या प्रतिपादनाचा कमकुवत सांधा इथे आहे, आणि शेवटी त्याकडेच लक्ष वेधायचं आहे. कृती म्हणजे रेकॉर्ड असं मानलं की रेकॉर्ड हरवणं म्हणजे कृती नष्ट होणं. ही भीती काल्पनिक नाही. जगभरच्या होतकरू बँडनी ज्या ‘मायस्पेस’वर आपलं संगीत ठेवलं होतं त्या कंपनीने २०१९मध्ये कबूल केलं की २०१६च्या आधी चढवलेलं संगीत हस्तांतराच्या वेळी गमावलं गेलं. बँडना चाहत्यांची वर्गणी गोळा करून देणारं ‘प्लेजम्युझिक’ त्याच वर्षी दिवाळखोरीत गेलं. मैफलीची परंपरा गुरूकडून शिष्याकडे जाते. एक गायक गेला तरी बंदिश दुसऱ्याच्या गळ्यात उरते. ध्वनिमुद्रणातच रचलेल्या संगीताला असा वारस नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्या टिकल्या त्या कंपन्यांमुळे नव्हे. घरोघरी त्या जपून ठेवणाऱ्या शौकिनांनी त्या टिकवल्या. इंटरनेटवर सगळं कायमचं असतं या समजुतीने आपल्या पिढीतला तसा शौकीन नाहीसा झाला आहे.

म्हणून व्याख्यानाच्या समारोपाला माझी मागणी अगदी व्यावहारिक आहे. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावच्या वाचनालयांना त्याचा आधार मिळाला. पुस्तक ही सार्वजनिक ठेव आहे हे तत्त्व त्यातून रुजलं. ध्वनिमुद्रण हीसुद्धा मूळ कृती असू शकते, हे आज मी मांडलेलं म्हणणं पटत असेल, तर तेच तत्त्व तिलाही लागू होतं. वाचनालयात एक कपाट ध्वनिमुद्रणांचं असावं. त्यात तांड्यांवरच्या लेंगीची मुद्रणं असावीत, खंजिरी भजनं असावीत आणि मराठी माणसांनी, किंवा मराठी मुलखात राहून इतरांनी, केलेले असे अल्बमही असावेत. महिन्यातून एकदा ते चार जणांनी एकत्र बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावेत आणि त्यावर मराठीत लिहावं. स्कायहार्बरचे तीन अल्बम श्रेष्ठ आहेत की मध्यम, याबद्दल माझं मत तुम्ही मान्य करावं असा आग्रह नाही. मी दुसऱ्याला वर ठेवतो आणि तिसऱ्याला खाली, तुम्ही उलट म्हणाल. पण असा वाद व्हायचा तर कृती दोघांच्याही समोर हवी, आणि ती समोर ठेवण्याची जबाबदारी यापुढे कुठल्याही कंपनीवर सोडून चालणार नाही. ती आपल्यासारख्या गावांतल्या वाचनालयांनी आणि व्याख्यानमालांनी घ्यावी, एवढं सुचवून मी थांबतो.